अर्ध्या तासाची ओळ

शुक्रवारी भर दुपारी एक वाजता हातात कापडी पिशवी घेऊन रय्यान मिरकरवाड्याच्या जेट्टीवर आला, तेव्हा लिलावाची काहीच हालचाल नव्हती. होड्या लागलेल्या होत्या, मासळी बर्फाखाली झाकलेली होती आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटांवर दहा-बारा बायका पाय पसरून बसल्या होत्या. मघाशी एक सर येऊन गेली होती. बायकांच्या पाट्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज होईपर्यंत इथला लिलाव थांबतो, हे रत्नागिरीत मासळी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रय्यानला ठाऊक नव्हतं. त्याचं बालपण कुवेतला गेलं होतं, शिक्षण पुण्याला झालं होतं. अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून वर्षभरापूर्वी तो शिरगावच्या घरी राहायला आला आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करू लागला. बाजारहाट अम्मी बघायची. त्या दिवशी तिचा पाय मुरगळला, म्हणून पिशवी त्याच्या हातात आली. लिलाव किती वाजता असतो ते त्याने तिथल्या मच्छीमार संस्थेच्या वेबसाईटवर पाहिलं होतं. तिथे एक लिहिलं होतं.

बायकांपैकी सगुणा नावाची एक जण संस्थेच्या ऑफिसच्या पायरीशी उभ्या असलेल्या मुलीला फैलावर घेत होती. "एक वाजता या म्हणून मोबाईलमदी लिवायचं, नि हितं येऊन बघावं तर काय नाय. हातखंब्यासनं येतो आमी, बाय. दीड तास काय माश्या मारायच्या?"

मुलीच्या डोक्यावरची फिकट जांभळी ओढणी वाऱ्याने सारखी मागे सरकत होती, आणि ती एका हाताने ती धरून बोलत होती. "मावशी, मी अडीच लिहिते. दर शुक्रवारी अडीचच लिहिते. पुण्यात कुणीतरी बसलाय, तो पुसतो. मी लिहिते, तो पुसतो. परत लिहिते, परत पुसतो. दुसरं काही काम नाही मेल्याला."

रय्यान दोन पावलं पुढे झाला. अनोळखी मुलीशी बोलायची त्याला सवय नव्हती. घसा साफ करून त्याने विचारलं, "दर... दर अर्ध्या तासाने पुसतो का? म्हणजे बरोबर शून्य मिनिटाला, नाहीतर तीस मिनिटाला?"

मुलीने वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"तो मेला मीच," तो म्हणाला. मग घाईघाईने — "म्हणजे मी नाही पुसत. मी लिहिलेला प्रोग्राम पुसतो."

सगुणाने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "दिसायला बरा हाय की गो." बायका हसल्या. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने त्याला आत बोलावलं आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. आणि माझी ओळ परत द्या."

तिचं नाव महरीन. संस्थेचे चेअरमन मन्सूर हे तिचे मामू. वडील गेल्यापासून ती आणि तिची अम्मी त्यांच्याच घरी राहत होत्या. बी.कॉम. झाल्यावर मामूंनी तिला ऑफिसात बसवलं होतं. आधीच्या क्लार्कने टेबलाच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी सोडली होती, आणि त्या चिठ्ठीच्या जोरावर सर्व्हरमध्ये शिरून पानावरचा मजकूर बदलायला ती स्वतःच शिकली होती.

रय्यानने तिला समजावून सांगितलं. किनाऱ्यावरच्या पाच बंदरांच्या संस्थांचे पाच सर्व्हर त्याच्या पुण्याच्या कंपनीकडे, आणि ते सांभाळणारा तो एकटा. प्रत्येकावर हाताने काम करायचं तर चुका होणार. म्हणून त्याने एक फाईल लिहिली होती. सर्व्हरला कामं सांगत बसायचं नाही, तो कसा असायला हवा तेवढं फक्त त्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं. कोणती पानं असावीत, त्यांवर काय लिहिलेलं असावं, आत यायची परवानगी कुणाला असावी. दर अर्ध्या तासाने सर्व्हर ती फाईल उघडतो, स्वतःकडे बघतो, आणि जिथे फरक दिसेल तिथे स्वतःला परत फाईलसारखा करतो. हाताने केलेली दुरुस्ती त्याच्या लेखी बिघाड.

"म्हणजे मी खरं लिहायची आणि तो ते बिघाड म्हणून पुसायचा," महरीन म्हणाली.

"हो. चूक माझी. पाचही बंदरांचा लिलाव एकाच वेळी असतो असं मी धरून चाललो. शुक्रवारचं... माझ्या ध्यानातच आलं नाही."

"मुसलमान असून?"

तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हा कुठे ती हसली.

त्याने मिरकरवाड्यासाठी छोटी वेगळी फाईल केली आणि तीत शुक्रवारची वेळ तिच्याकडूनच टाईप करून घेतली. दीड वाजायच्या आधी दोघं पडद्याकडे टक लावून बसली. दीड वाजला, एकतीस झाले, बत्तीस झाले. अडीचची ओळ जागेवर होती. बाहेर नमाजेहून परतणाऱ्या माणसांची चाहूल लागली, तेव्हा रय्यानच्या लक्षात आलं की आपली नमाज चुकली. तो बांगडे न घेताच निघाला होता. सगुणाने हाक मारून त्याची पिशवी भरली.

कंपनीची एक पद्धत होती. फाईलमध्ये कुठलाही बदल करायचा तर त्याचं एका ओळीत कारण लिहायचं, आणि दुसऱ्याने तो वाचून मंजूर केल्याशिवाय तो लागू व्हायचा नाही. महरीनचे बदल रय्यान मंजूर करायचा, रय्यानचे पुण्यातल्या शमिका मॅडम. पहिल्या आठवड्यात महरीनने लिहिलं, "कारण : बर्फाची गाडी उशिरा येणार." रय्यानने मंजुरीखाली विचारलं, "किती उशिरा?" तिने पुढच्या बदलात लिहिलं, "कारण : मंजूर करणारा फार प्रश्न विचारतो, म्हणून तास लिहिला."

असं सुरू झालं. ती दिवसातून एखादा तरी बदल शोधून काढायची. एकदा स्वल्पविराम काढला आणि दुसऱ्या दिवशी परत घातला. त्याने दोन्ही बदल मंजूर केले. बाजाराची पिशवी घेऊन आता जेट्टीवरही तोच यायचा. शुक्रवारी नमाजेआधी, बरोबर पाऊण वाजता, तो घरून मिरकरवाड्याच्या सर्व्हरमध्ये शिरायचा, सगळं ठीक आहे ना बघायला. काही बिघडलेलं नसायचं. सर्व्हरमध्ये कोण कोण आहे याची यादी महरीनला दिसायची. त्या यादीत त्याचं नाव आलं की ती खुर्ची जरा पुढे ओढून बसायची. बस, एवढंच. पण आठवडाभर ती त्या पावणेएकची वाट बघते, हे एक दिवस तिला उमगलं आणि ती घाबरली.

ऑक्टोबरात तिने एक चूक केली. मासळीच्या दरांचं पान बदलताना तिने कारणात लिहिलं, "सुरमईचा दर बदलला. कालचा निळा शर्ट चांगला होता."

दोन मिनिटांत त्याचा फोन आला. "महरीन, ते... ते काढता येत नाही. कारण एकदा लिहिलं की कायमचं राहतं. पुण्यात सगळे वाचतात."

"मग शर्ट चांगला नव्हता असं लिहू?"

"नको," तो म्हणाला. मग हळूच, "खरंच चांगला होता?"

पण संध्याकाळपर्यंत शमिका मॅडमनी साऱ्या गटासमोर त्या ओळीवरून त्याची थट्टा केली होती आणि कुणीतरी ती मन्सूर मामूंनाही ऐकवली होती. मामू महरीनला वेडंवाकडं काही बोलले नाहीत. जेवताना त्यांनी नुसतं विचारलं, कुणाचा शर्ट. तिची अम्मी ताटावरून उठून आत गेली. त्यानंतर महरीनने कारणात कामाशिवाय एक अक्षरही लिहिलं नाही. जे फाईलमध्ये जातं ते राहतं, आणि सगळ्यांना दिसतं, हे तिच्या मनावर पक्कं कोरलं गेलं.

भेटी मात्र होत राहिल्या. कधी जेट्टीवर चहा, कधी भगवती किल्ल्याच्या वाटेवर दहा मिनिटं. तो पुस्तकातलं बोलायचा, मग आपण फार बोललो असं वाटून गप्प व्हायचा. ती त्याला चिडवायची. तुझं बोलणंपण दर अर्ध्या तासाने कुणी पुसतं का, असं एकदा म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या मनात काय आहे ते तिला दिसत होतं. दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

डिसेंबरात दोन गोष्टी एकदम आल्या. कंपनीने रय्यानला दोहाला पाठवायचं ठरवलं, तीन वर्षांसाठी. अब्बांच्या औषधपाण्याला ते लागणार होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. आणि दाभोळहून महरीनला मागणी आली. मुलगा मस्कतला बोटीवर इंजिनिअर. घर चांगलं, माणसं सरळ. नकार द्यायला मामूंना कारण सापडत नव्हतं, आणि महरीनला असलेलं कारण सांगता येत नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती त्याच्या स्कूटरवरून आरे-वारेला गेली. वरच्या वळणावर गाडी थांबवून दोघं कठड्याशी उभी राहिली. खाली दोन्ही किनारे मोकळे पडले होते. तिने दाभोळचं सगळं सांगितलं. मुलाचं नावसुद्धा सांगितलं. मग विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"हो," तो म्हणाला. "म्हणजे..."

ती थांबली. वाऱ्याने ओढणी मागे गेली, ती तिने सावरली नाही.

"म्हणजे मी गेल्यावर तुला सर्व्हरचा त्रास होऊ नये असं बघतोय," तो म्हणाला. "सगळं नीट लावून जाईन. तू काळजी करू नकोस."

तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले अब्बा होते, तीन वर्षं परदेशी राहायचं होतं, आणि आपल्यासारख्या माणसाने कुणाला थांब म्हणावं अशी आपली लायकी नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. हे तिला तेव्हा कळलं नाही. तिला एवढंच कळलं की तिने तोंडाने विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही. पुन्हा तोंडाने विचारायचं बळ तिच्यात नव्हतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रय्यान संध्याकाळच्या बसने मुंबईला आणि तिथून दोहाला जाणार होता. त्याच दुपारी तीन वाजता मामू दाभोळला फोन करून होकार कळवणार होते.

फोनवर लिहावं असं महरीनला वाटलं होतं. चार वेळा लिहून तिने खोडलं. फोनवरचं राहतं. त्याने वाचलं आणि उत्तर दिलं नाही, तर ते दोघांच्याही फोनमध्ये जन्मभर पडून राहील. तिला अशी जागा हवी होती, जिथे तो एकटाच वाचेल, आणि त्याला नको असेल तर कुणी काही न बोलता ते आपसूक नाहीसं होईल. अशी जागा तिला ठाऊक होती.

सर्व्हरमध्ये शिरलं की सुरुवातीला स्वागताच्या दोन ओळी दिसतात. मिरकरवाडा सर्व्हर. येथील कामाची नोंद ठेवली जाते. मिरकरवाड्याला त्या वाचणारे दोघंच होते, ती आणि तो. त्या ओळीही फाईलमधूनच यायच्या. म्हणजे साडेबाराची फेरी झाल्यावर तिथे हाताने काही लिहिलं, तर ते एक वाजेपर्यंत टिकेल. रय्यान पाऊण वाजता येईल. तिचा अर्धा तास आणि त्याची वेळ बरोबर जुळत होती.

ऑफिसात कुणी नव्हतं. माणसं मशिदीकडे निघाली होती. बारा बत्तीसला तिने त्या दोन ओळींखाली तिसरी लिहिली : 'अडीचच्या आत येऊन मामूंना भेट. आला नाहीस तर मी हो म्हणणार.'

लिहून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले. पाऊण वाजला आणि यादीत त्याचं नाव आलं.

एरवी तो दोन-तीन मिनिटांत बाहेर पडायचा. त्या दिवशी पडला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो वाचतोय, तिला वाटलं. परत परत वाचतोय. विचार करतोय. एक वाजला. आता ओळ गेली असणार. तरी तो आतच होता. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचं नाव यादीतून गेलं.

ती पायरीवर जाऊन उभी राहिली. दीड वाजता, दोन वाजता. जेट्टीवर गर्दी जमू लागली. सगुणाने विचारलं, ऊन लागतंय तर आत का बसत नाहीस बाय. अडीच वाजता लिलाव पुकारला गेला. शिरगावच्या रस्त्याने येणारी प्रत्येक स्कूटर तिने पाहिली. तीन वाजता मामूंनी ऑफिसात येऊन तिच्याकडे पाहिलं, आणि तिने मान हलवून हो म्हटलं. मामूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोन लावला.

रमजान ईदेनंतर निकाह झाला. नवरा पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. तो परत गेला आणि रुखसती, म्हणजे तिची सासरी पाठवणी, बकरीदेनंतर ठरली. तो वाईट माणूस नव्हता. रोज दुपारी फोन करून, जेवलीस का, असं विचारायचा आणि ती खरोखर जेवली आहे की नाही ते आवाजावरून ओळखायचा. त्याच्यावर रागवावं असं काही तिला मिळेना. तेही एक ओझंच झालं. संध्याकाळी ऑफिस बंद करताना तिला कधीकधी वाटायचं की आपल्याला पाण्याखाली धरून ठेवलंय, आणि धरणाऱ्याचा हात मऊ आहे.

मे महिन्याच्या अखेरीस रय्यान आला. पुण्याच्या कंपनीचा करार संपला होता आणि संस्था आपला सर्व्हर स्वतःच बघणार होती. सगळं ताब्यात देऊन कागदावर सह्या घ्यायला त्याला पाठवलं होतं. त्याला चार दिवसांचीच रजा होती.

त्याच्या येण्याआधी दोन दिवस महरीनने जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. त्याच्या नावाच्या नोंदी तिने इतके महिने मुद्दाम उघडल्या नव्हत्या. आता ताबा घ्यायचा तर वाचणं भाग होतं. जानेवारीच्या त्या शुक्रवारच्या तारखेला एक नोंद होती. सकाळी नऊ चाळीस. बदल करणारा रय्यान, मंजूर करणारी शमिका. 'कारण : फेरी अर्ध्या तासाऐवजी दर पाच मिनिटांनी. माझ्या पाठीमागे पानावर काही चुकलंच तर ते लगेच दुरुस्त व्हावं, महरीनला बोलणी खावी लागू नयेत.'

तिने ते वाचलं आणि मनात हिशेब केला. बारा बत्तीसला लिहिलेलं. बारा पस्तीसला पुसलेलं. त्याचं नाव आलं पाऊण वाजता. तिची स्वतःची खिडकी सकाळपासून उघडी होती, म्हणून स्वागताच्या ओळी तिला पुन्हा दिसल्याच नव्हत्या.

तिने कॉम्प्युटर बंद केला. चपला घालायला वाकली ती तशीच पायरीवर बसून राहिली. अम्मीने फोन करून, उशीर का, असं विचारलं तेव्हा ती उठली.

रय्यान आला तो वाळलेला दिसत होता. त्याने मुबारकबाद दिली आणि तिच्याकडे न बघता लॅपटॉप उघडला. टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे तो. दोघांनी मिळून पानं, पासवर्ड, परवानग्या एकेक तपासल्या. तो मंजुरीच्या पद्धतीबद्दल बोलत होता आणि मध्येच शब्द विसरत होता. महरीनने खाली मान घालूनच विचारलं, "तू गेलास त्या शुक्रवारी पाऊण वाजता आत शिरला होतास. काय वाचलंस?"

"काय वाचणार? त्याच दोन ओळी. मिरकरवाडा सर्व्हर, नोंद ठेवली जाते."

"आणखी काही नाही?"

"नाही. का?"

तिने परवानग्यांचं पान पुढे सरकवलं. त्याने तिचा प्रश्न आपल्यापरीने समजून घेतला असावा. पेनचं टोपण काढत, लावत तो म्हणाला, "खूप वेळ आत होतो म्हणून विचारतेयस ना? पंचवीस मिनिटं. मला... मला वाटलं होतं, त्या दोन ओळींखाली तुझ्यासाठी काही लिहावं. तुझ्याशिवाय कुणी वाचलं नसतं. नमाज सुरू व्हायची वेळ झाली तरी बसून होतो. शेवटच्या रांगेत उभा राहिलो त्या दिवशी."

"मग लिहिलं का नाहीस?"

"काय उपयोग. सकाळीच फेरी पाच मिनिटांची करून ठेवली होती. तू बघेपर्यंत राहिलं नसतं." तो कसनुसं हसला. "आणि खरं सांगू? तुला हवं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस, असं वाटलं."

खाली जेट्टीवर बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. महरीनच्या जिभेवर ते सगळं आलं. एक वाक्य पुरलं असतं. मी लिहिलं होतं, आणि तू माझ्यासाठी केलेल्या कामाने ते पुसलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. परवा तो परत दोहाला जाणार होता, एकट्याच्या खोलीत, आणि हे वाक्य त्याच्याबरोबर जाणार होतं. शुक्रवारची वेळ चुकवली म्हणून सगुणामावशीचीसुद्धा दर भेटीत माफी मागत राहिलेला माणूस तो. याचं तो काय करील?

"काय लिहिणार होतास?" तिने विचारलं.

त्याने टोपण पेनाला लावलं. "थांब म्हणून. फक्त तेवढंच."

तिने मान हलवली, जशी एखादी किरकोळ माहिती मिळाल्यावर हलवावी. मग पडद्याकडे वळली. "आता शेवटचं काय राहिलं?"

शेवटचं राहिलं होतं त्याचं नाव. आत यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत ते सर्वांत वर होतं. महरीनने ती ओळ निवडून पुसायला घेतली, तेव्हा त्याने टेबलावर बोट टेकवून तिला थांबवलं.

"नुसती पुसून नाही चालत. फाईलमध्ये नाव नसलं की सर्व्हर त्या माणसाबद्दल काहीच करत नाही. आहे तसा राहू देतो."

"म्हणजे ओळ पुसली तर तू आतच राहणार."

"हो. यादीत कुठे दिसणार नाही. पण राहीन."

"आणि घालवायचं असेल तर?"

"ओळ ठेवायची. पुढे प्रेझेंट आहे तिथे अ‍ॅबसेंट लिहायचं. तसं स्पष्ट लिहावं लागतं."

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. दुपारचा फोन वाजला, तिने तो न उचलता पालथा ठेवला. मग प्रेझेंट खोडलं आणि अ‍ॅबसेंट लिहिलं, एकेक अक्षर.

"अजून नको चालवू," रय्यान म्हणाला. "मी आत आहे. माणूस आत असताना त्याचं नाव काढता येत नाही. चूक दाखवतो."

"मग पड बाहेर."

त्याने लॅपटॉपवर हात ठेवले. बाहेर पडायला चार अक्षरं लागतात. एवढी वर्षं दिवसातून वीस वेळा त्याने ती टाईप केली असतील. आता ती त्याला सापडत नव्हती, असं दिसत होतं. महरीनने घाई केली नाही. शेवटी त्याने ती टाईप केली आणि लॅपटॉप मिटला.

"आता तू," तो म्हणाला.

तिने कळ दाबली. पडद्यावर ओळी सरकत गेल्या आणि एका ठिकाणी पिवळं अक्षर उमटलं. बदल झाला होता. टेबलाच्या कडेने वाकून पडद्यावरचं वाचत त्याने खात्री केली, एखाद्या मास्तरासारखी.

"बरोबर जमलं," तो म्हणाला.

कागदांवर सह्या झाल्या. त्याने लॅपटॉप पिशवीत घातला, दाराशी चपला शोधल्या, आणि जरा थांबून विचारलं की ती मस्कतला गेल्यावर इथे कोण बघणार. ती म्हणाली, मामूंनी एकाला सांगून ठेवलंय. तो बरं म्हणाला. अम्मीला सलाम सांग, असंही म्हणाला. मग पायऱ्या उतरला.

ऑफिसची खिडकी जेट्टीच्या वाटेवर उघडते. दोन पावलांवर होती. तिथे गेली असती, तर तो मागे वळून बघतोय की नाही ते महरीनला दिसलं असतं. ती जागची हलली नाही. पालथा फोन पुन्हा वाजला. तिने तो उचलला, ओढणी नीट केली आणि सांगितलं, "हो. जेवले."

पलीकडून नवऱ्याने काळजीने विचारलं, "आवाज असा का येतोय?"

"वारा आहे," ती म्हणाली.